जाम एक्सल उघडताना

सोयाबीन घरात आलं आणि शिवारातली काळी जमीन वाळू लागली, की मेहकरच्या गॅरेजांपुढे जुन्या जीप, पिकअप आणि ट्रॉल्या उभ्या राहू लागतात. चार महिने चिखल तुडवून आलेल्या या गाड्यांच्या तक्रारी बहुतेक एकसारख्या असतात. चाकातून घरघर ऐकू येते, ब्रेक एका बाजूला ओढतो, मागच्या ड्रममधून तेल पाझरतं. यातलं प्रत्येक काम कागदावर सोपं आहे. बेअरिंग बदला, सील बदला, पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) बुश बदला. पण नवा भाग बसवायचा तर आधी जुना निघायला हवा, आणि तो निघत नाही. नट गंजलेला, हब एक्सलला धरून बसलेला, शॅकलचा बोल्ट बुशशी एकजीव झालेला. तासाभराचं काम दोन दिवसांवर जातं ते इथेच.

घरच्या अंगणात स्वतःची गाडी उघडणाऱ्या माणसाची खरी परीक्षा या टप्प्यावर होते. गाड्यांच्या माहितीपुस्तकांत ‘नट काढा’ असं एका ओळीत लिहिलेलं असतं. तो नट वीस वर्षं गंजलेला असेल तर काय करायचं, हे पुस्तक सांगत नाही. ते ज्ञान मिस्त्रींच्या हातात आहे. ते शास्त्रशुद्ध आहे, शिकता येतं, आणि ते लिहून ठेवण्याची वेळ आली आहे असं मला मनापासून वाटतं.

काळी माती आणि गरम एक्सल

मेहकर हे बुलढाणा जिल्ह्यातलं, पैनगंगेकाठचं, शारंगधर बालाजीचं गाव. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा सुरू झाला, तेव्हापासून मेहकरजवळून गाड्या सुसाट धावतात. पण महामार्गावरून उतरून शेताकडे वळलं की पांदण लागते, आणि पावसाळ्यात पांदण म्हणजे गुडघाभर चिखल. शहरातला हौशी माणूस रविवारी गाडी घेऊन मुद्दाम चिखल शोधत जातो. इथे तोच चिखल घर आणि शेत यांच्या मध्ये पडलेला असतो.

काळ्या मातीतले चिकण कण पाणी शोषून फुगतात आणि ते सहजी सोडत नाहीत. म्हणून तर आपली कापूस-तूर पावसाच्या खंडातही तग धरते. हीच माती एक्सलच्या वर, पाट्यांच्या फटीत आणि यू-बोल्टच्या मुळाशी थापली गेली की लोखंडालाही तोच ओलावा पुरवत राहते. वरून ढेकूळ वाळलेलं दिसतं, फोडलं की आत ओल असते. कोकणात समुद्राची खारी हवा गाडीचा पत्रा खाते. आपल्याकडे पत्रा पुष्कळ टिकतो आणि सांधे जाम होतात. ट्रॉलीत खताची पोती वाहिली असतील तर आणखी भर पडते, कारण सांडलेले दाणे हवेतला ओलावा ओढतात आणि त्यांचं क्षारयुक्त पाणी गंजाला वेग देतं.

दुसरं कारण डोळ्यांना दिसत नाही. गाडी लांबून चालत आली की एक्सलच्या हाऊसिंगमधलं तेल आणि हवा तापलेली असते. तशीच ती नाल्यात घातली की हाऊसिंग एकदम गार होतं, आतली हवा आकसते आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. त्यासाठी हाऊसिंगवर एक छोटी श्वासनळी असते. चिखलाने ती बुजली असेल तर एक्सल सीलच्या फटीतून श्वास घेतो, आणि हवेऐवजी पाणी आत येतं. पुढे कधी तेल सोडलं की ते दुधाळ निघतं, आणि क्राऊन-पिनियनच्या दात्यांवर, बेअरिंगच्या रोलरांवर तांबूस डाग दिसतात. हजारोंचा खर्च निघतो, आणि त्याचं मूळ सापडतं बोटभर नळीत बसलेल्या मातीत.

विलीजचा वारसा

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाला एक्सलचं काम शिकवलं ते जीपने. १९४५ मध्ये लुधियानात सुरू झालेल्या आणि १९४८ मध्ये महिंद्रा अँड महिंद्रा झालेल्या कंपनीने त्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. अमेरिकेत १९५३ मध्ये आलेलं सीजे-३बी हे रूप तिथे १९६८ मध्ये बंद झालं. आपल्याकडे त्याच घाटाच्या गाड्या पुढे कित्येक दशकं बनत राहिल्या. आधी विकास अधिकाऱ्यांच्या जीप होत्या, मग गावोगावच्या काळ्या-पिवळ्या आल्या, आणि आता शेतकऱ्याच्या दारात उभी असलेली, वडिलांनी घेतलेली आणि मुलाला विकवत नसलेली गाडी आहे.

या घाटाच्या गाडीची पहिली अडचण मापाची आहे. मूळ नट-बोल्ट इंची मापाचे, आणि नंतर कुणी ना कुणी बसवलेले मिलिमीटरचे. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्याच्यावर १३चा पाना बसतो, पण ०.३ मिलिमीटर सैल. एरवी तेवढं चालून जातं. जाम नटावर मात्र तेवढ्याच फटीत पाना कोपऱ्यांवर चढतो आणि सहा पैलूंचा नट गोल होऊन बसतो. म्हणून जुन्या जीपला हात लावण्याआधी इंची सॉकेटचा संच हवा, आणि तोही बारा कोपऱ्यांचा नको, सहा पैलूंचा हवा. तो नटाच्या सपाट बाजू धरतो.

दुसरी अडचण उलट्या आट्यांची. जुन्या विलीज जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे स्टड उलट्या आट्यांचे होते, जेणेकरून चाक फिरताना नट आपोआप सैल होऊ नयेत. ज्याला हे ठाऊक नाही तो पान्याला पाईप लावून तो नट जिवाच्या आकांताने घट्ट करत राहतो आणि स्टड तोडतो. स्टडच्या तोंडावरची किंवा नटावरची खूण आधी साफ करून पाहावी, मगच पाना लावावा.

नट का अडकतो

लोखंडाला पाणी आणि प्राणवायू दोन्ही मिळाले की गंज चढतो. तयार झालेला गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो, आणि पाणी धरून बसलेल्या काही रूपांत तर त्याहून कितीतरी जास्त. सिमेंटच्या स्लॅबमधली सळई गंजली की स्लॅब फुटतो, तो याच फुगवट्यामुळे. नट आणि बोल्टच्या आट्यांमधली फट केसभर असते. गंज तिथे फुगतो आणि दोन्ही बाजूंना दाबून धरतो. त्यामुळे जाम नट हा घट्ट केलेल्या नटापेक्षा वेगळा असतो. घट्ट नटाला जोर लागतो. जाम नटात आधी गंजाचा थर फोडावा लागतो, मग जोर.

जोराचा हिशेब एकदा मांडून पाहावा. १२ मिलिमीटरच्या, ८.८ प्रतीच्या बोल्टला घट्ट करायला साधारण ८० न्यूटन-मीटर पीळ पुरतो. साठ किलोच्या माणसाने फूटभर लांबीच्या पान्यावर पूर्ण वजन टाकलं तर १८० न्यूटन-मीटरच्या आसपास पीळ पडतो. मीटरभराचा पाईप चढवला तर सुमारे ६००. पाईपने बोल्ट निघेल की नाही हे सांगता येत नाही, पण तुटेल हे नक्की सांगता येतं.

मेहकरकडचे जुने मिस्त्री पोरांना सांगतात, ‘पाना फिरला म्हंजे नट फिरला असं नाही.’ नट खरोखर सुटतो तेव्हा कट्ट असा आवाज येतो आणि पाना पुढे जातो. बोल्ट पिळवटू लागला की पाना आवाज न करता दबतो आणि सोडला की थोडा मागे येतो. हाताला हा फरक कळतो. तो कळला की त्याच क्षणी थांबायचं. त्या एका थांबण्यावर पुढच्या दिवसभराचं काम अवलंबून असतं.

आधी घासणं, मग भिजवणं

पहिलं काम तारेच्या ब्रशचं. बोल्टचे जे आटे नटाच्या बाहेर उघडे आहेत त्यांवरची माती आणि गंज काढला नाही, तर नट हलला तरी त्याच कचऱ्यावर येऊन पुन्हा अडकतो. दुसरं काम भिजवण्याचं. पूर्वी रॉकेल वापरायचे, ते आता सहज मिळत नाही म्हणून डिझेल वापरतात. अनेक गॅरेजांत डब्ल्यूडी-४० असतं. हा फवारा १९५३ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोला तयार झाला, तो पाणी हटवून गंज रोखण्यासाठी. जाम आटे सोडवायला त्याहून जास्त झिरपणारी खास तेलं मिळतात. ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं मिसळून घरी केलेलं मिश्रणही हौशी लोक वापरतात. ते भडकन पेट घेतं, म्हणून विस्तवाजवळ नेऊ नये. तेल कोणतंही असो, त्याला वेळ द्यावा लागतो. संध्याकाळी भिजवा, रात्री पुन्हा एकदा, सकाळी पाना लावा.

भिजवल्यावर टोले. बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे सरळ, बेताचे टोले दिले की धक्क्याने गंजाच्या थराला बारीक तडे जातात आणि तेलाला वाट मिळते. मग नट आधी किंचित घट्ट करून पाहायचा. घट्ट होण्याच्या दिशेने तो जरासा हलला तरी थर फुटतो. पुढे पाव फेरा सैल, थोडा मागे, तेल, पुन्हा पाव फेरा. एका दमात काढायला गेलं की सुटलेला गंजाचा भुगा आट्यांत कोंबला जातो, आणि निम्म्यावर आलेला नट पहिल्यापेक्षा जास्त जाम होतो.

धाव चढवणाऱ्यांचं शास्त्र

एवढ्यानेही नट हलला नाही तर आग. इथे आपल्या गावांना मोठा वारसा आहे. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवताना लोहार आणि घिसाडी ती गोवऱ्यांच्या जाळात तापवत. तापून मोठी झालेली धाव चाकावर बसवून वर पाणी ओतलं की ती आकसून चाकाला आयुष्यभर धरून ठेवत असे. जाम नट तापवणं म्हणजे हीच क्रिया उलट्या बाजूने. नटाला आच द्या, तो फुगू द्या, आतला बोल्ट गार ठेवा.

पोलाद दर अंश सेल्सिअसला आपल्या मापाच्या दहा लाखांतल्या सुमारे १२ भागांइतकं वाढतं. १२ मिलिमीटर भोकाचा नट ३०० अंशांनी तापवला तर भोक ०.०४ मिलिमीटरच्या आसपास मोठं होतं. आकडा लहान दिसतो, पण गंजाचा थर ठिसूळ असतो. तो ताणला जात नाही, फुटतो. म्हणून ज्योत नटावर धरायची, बोल्टवर नाही. थोडं गार झाल्यावर सांध्याला मेणबत्ती टेकवली की वितळलेलं मेण फटीत ओढलं जातं आणि आतून वंगणाचं काम करतं.

आच कुठे द्यायची नाही हेही पाठ असावं. पाट्यांना नाही, कारण त्यांचं पाणी उतरतं आणि त्यांची लवचीकता जाते. एक्सलच्या दांड्याला आणि पुन्हा वापरायच्या बेअरिंगला नाही, कारण तेही पाणी दिलेलं पोलाद आहे. रबरी बुश, ब्रेकची नळी, तेलाचं सील आणि डिझेलची टाकी यांच्याजवळ तर मुळीच नाही.

एक्सलचे तीन कठीण सांधे

एक्सलमधलं तेल बदलणं हे सगळ्यात साधं काम, आणि चूक होते ती तिथेच. खालचा बूच आधी काढून तेल सोडायचं नाही. आधी वरचा, तेल भरायचा बूच सुटतो का ते पाहायचं. तेल सोडलं आणि वरचा बूच जाम निघाला, तर गाडी तेलाविना जागच्या जागी बसते.

दुसरा सांधा मागच्या हबचा. जुन्या घाटाच्या जीपमध्ये हा हब एक्सलच्या निमुळत्या टोकावर, चौकोनी चावीच्या आधाराने, प्रचंड दाबाने बसलेला असतो. नट काढला म्हणून तो निघत नाही. इथे लोक घण घेऊन एक्सलच्या टोकावर मारतात, आणि आटे पसरतात. तो धक्का एक्सलच्या दोन दांड्यांमधल्या ठोकळ्यातून पलीकडच्या बेअरिंगपर्यंतही जातो. योग्य हत्यार एकच, हबच्या स्टडना धरणारा मजबूत पुलर. नट पूर्ण काढायचा नाही, टोकाशी ठेवायचा, कारण हब सुटतो तेव्हा तोफेसारखा आवाज करून उडी मारतो. पुलरवर ताण देऊन तो रात्रभर तसाच ठेवावा. कित्येकदा सकाळी हब आपणहून सुटलेला असतो. पुलर नसेल तर जुना उपाय असा की नट दोन-तीन आटे सैल करायचा, कॉटर पिन परत घालायची, चाक बसवायचं आणि मोकळ्या जागेत गाडी सावकाश आठाच्या आकारात फिरवायची. वळणांच्या ताणाने हब पकड सोडतो. ड्रम वेगळा निघत असेल तर आधी ब्रेकचे लायनर आत घ्यावेत, नाहीतर झिजून ड्रमला पडलेल्या कडेत ते अडकून राहतात.

तिसरा सांधा पाट्यांच्या शॅकलचा. इथे बोल्ट बुशच्या आतल्या लोखंडी नळीशी गंजून एक होतो. डोकं फिरवलं की सगळा बुश रबरासकट फिरतो, आणि कितीही तेल घाला, ते आत पोचत नाही. हा बोल्ट वाचवायचा प्रयत्नच करू नये. दोन्ही बाजूंनी ग्राइंडरने कापून बुशसकट काढावा आणि दोन्ही नवे घालावेत. यू-बोल्टचंही तसंच. एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा वापरायचा नसतो. स्पिंडलवर अडकलेली बेअरिंगची आतली कडी मात्र ग्राइंडरने जवळजवळ आरपार कापून शेवटचा पापुद्रा छिन्नीच्या एका टोल्याने तडकवायची. स्पिंडलला ओरखडाही येत नाही.

बोल्ट तुटलाच, तर तुटक्या तोंडावर एक नट ठेवून आतून वेल्डिंग करायचं. धरायला डोकं मिळतं आणि वेल्डिंगच्या उष्णतेने गंजही फुटतो. दोन कामं एका झटक्यात होतात. तुटक्या बोल्टमध्ये भोक पाडून बसवायचा उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर ही शेवटची पायरी, कारण तो कडक आणि ठिसूळ असतो. आत तुटला तर त्याला ड्रिल लागत नाही. वेल्डिंगआधी बॅटरीची तार काढावी आणि अर्थिंग कामाच्या अगदी जवळ लावावं. वीज बेअरिंगमधून गेली तर रोलरांवर ठिणग्यांचे चरे पडतात.

जिवाची काळजी

काळ्या जमिनीवर जॅक टेकवायचा तर खाली जाड, रुंद फळी हवीच. ओली जमीन वरून टणक वाटते आणि वजन आलं की जॅक तिरका होतो. नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखाली जाऊ नये. चेसिसखाली भक्कम घोडे, चाकांना अडण्या, मगच पाना. पाट्यांचे बोल्ट काढताना एक्सलला वेगळा आधार द्यावा, कारण पाट्यांत ताण साठलेला असतो.

जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतं. ड्रममधली धूळ फुंकू नये, कॉम्प्रेसरने उडवू नये. ओलं करून फडक्याने पुसावी. क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने धुतलेल्या भागावर वेल्डिंग केलं तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. जस्त चढवलेला नट तापवला तर त्याच्या धुराने ताप भरतो. हातोडी आणि कडक पोलाद यांच्या मध्ये पितळी दांडा धरावा, नाहीतर कपचा डोळ्यात उडतो. चष्मा पन्नास-शंभर रुपयांना मिळतो. मिस्त्रींच्या पोरांच्या डोळ्यांवर तो क्वचितच दिसतो, याचं वाईट वाटतं.

पुढच्या वेळी हाताने सुटावं म्हणून

आतापर्यंत सांगितलेलं सगळं कष्टाचं काम एका गोष्टीने टळू शकलं असतं. मागच्या वेळी जोडणाऱ्याने आटे साफ करून वंगण लावलं असतं तर. दुरुस्तीचा कस जोडताना लागतो.

आटे ब्रशने आणि गरज पडल्यास टॅप-डायने साफ करावेत. गंजू शकणाऱ्या सांध्यांवर तांब्याची भुकटी असलेलं अँटी-सीझ लावावं, ते नसेल तर चांगलं ग्रीस. मात्र घट्ट करताना हात आवरावा. पान्याला दिलेल्या जोराचा साधारण नव्वद टक्के भाग घर्षणात जातो आणि उरलेला दहा टक्केच बोल्टला ताणतो. वंगणाने घर्षण घटतं, म्हणून त्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो. चाकांच्या नटांच्या निमुळत्या बैठकीवर तर ग्रीस लावूच नये. नवे यू-बोल्ट गाडी थोडी धावल्यावर पुन्हा घट्ट करावेत. श्वासनळी साफ करून जमल्यास रबरी नळीने उंच न्यावी. ग्रीसच्या निपलमध्ये जुनं काळं ग्रीस बाहेर पडून नवं दिसेपर्यंत पंप मारावा, म्हणजे आत शिरलेलं पाणीही बाहेर ढकललं जातं. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा पाट्यांमधली माती धुऊन काढणं याहून स्वस्त दुरुस्ती नाही.

ब्रेक आणि स्टीअरिंगचं काम, तसंच हाऊसिंगचं वेल्डिंग जाणत्या हाताकडेच द्यावं. बाकीचं बरंच काम अंगणात होऊ शकतं. अडचण असते ती हत्यारांची. हबचा पुलर, इंची सॉकेटचा संच आणि टॅप-डाय वर्षातून एकदा लागतात, म्हणून कुणी विकत घेत नाही, आणि म्हणून घण उचलला जातो. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातून विदर्भात शेतकरी गटांच्या अवजार बँका उभ्या राहिल्या. बुलढाणा जिल्हा त्या प्रकल्पात होता. पेरणी यंत्र आणि रोटाव्हेटर जिथे भाड्याने मिळतात, तिथे हत्यारांची एक पेटी ठेवायला फार पैसा लागत नाही. गावातल्या सगळ्या जुन्या जीपना मिळून एक पुलर पुरतो. आणि ज्या मिस्त्रीने आयुष्यभर जाम नट सोडवले, त्याला वर्षातून एकदा त्या गटापुढे आणि तालुक्याच्या आयटीआयच्या मुलांपुढे उभं करून, मानधन देऊन, हे सगळं हाताने दाखवायला सांगावं. रब्बीची पेरणी उरकली की शेतकऱ्याला आणि मुलांना दोघांनाही त्यासाठी वेळ असतो. सुरुवात या दिवाळीनंतर करता येईल.